निवेदकाचा आवाज कुठे मिळेल?

प्रश्न : माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. सांगली आकाशवाणीवरचे त्यांचे लाडके निवेदक गेल्या महिन्यात वारले. पेपरात चार ओळींची बातमी आली, बस. वडील म्हणतात, 'त्यांचा आवाज एकदा ऐकव.' मोबाइलवर खूप शोधलं, काही नाही. आकाशवाणीकडे अर्ज केला तर रेकॉर्डिंग मिळेल का?
– एक वाचक, मिरज तालुका

उत्तर : अर्ज जरूर करा, पण वडिलांना आत्ताच आशा लावू नका.

मी दुसऱ्या एका जिल्ह्याच्या केंद्रावर बारा वर्षं नैमित्तिक निवेदिका होते. फर्माईशीचा कार्यक्रम असला की समोर पोस्टकार्डांचा गठ्ठा, बाजूला क्यू शीट, म्हणजे कशानंतर काय लावायचं त्याचा कागद, आणि लाल दिवा लागला की बोलायचं. ते बोलणं थेट हवेत जायचं, टेपवर कुणी घेतच नव्हतं. शेतकऱ्याची मुलाखत, श्रुतिका म्हणजे रेडिओवरचं नाटक, असलं काही आधी रेकॉर्ड व्हायचं, पण तीही टेप बऱ्याचदा पुसून पुन्हा वापरायची. टेपची स्पूल, म्हणजे रिळं, मोजकी. जपली ती मोठ्या गवयांची, पुढाऱ्यांची. गाण्याआधी दोन वाक्यं बोलणाऱ्याचा आवाज जपायचा असतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

हिंदी गाण्यांच्या 'बिनाका गीतमाला'चे निवेदक अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ला गेले, तेव्हा जिकडेतिकडे त्यांचा आवाज ऐकू येत होता. त्यांची गीतमाला मुंबईत टेपवर व्हायची आणि ती टेप विमानानं रेडिओ सिलोनला, कोलंबोला जायची. जिल्ह्याच्या निवेदकाच्या नशिबी टेप कुठली? तो बोलला की संपलं.

आमच्याकडे एक ज्येष्ठ निवेदक होते. पत्रांसाठी ड्युटीच्या तासभर आधी यायचे. गावाचं नाव लागलं नाही तर पोस्टाचा शिक्का भिंगातून बघायचे. एकदा एका कार्डावर सव्वीस नावं, वर 'आणि समस्त मित्रमंडळ'. मी म्हटलं, 'सर, पाचच वाचा की, गाणं कापावं लागतंय.' तर म्हणाले, 'गाणं उद्याही लागेल गं. हा पोरगा आज सगळ्यांना रेडिओभोवती बसवून बसला असेल.' सव्वीसच्या सव्वीस वाचली. शेवटचं कडवं गेलं.

आता तुमच्या कामाचं. आवाज सापडलाच तर लोकांच्या माळ्यावर सापडेल. ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, आले आणि पोरं रेडिओवरची गाणी कॅसेटवर उतरवायला लागली. पॉज दाबून टपून बसायचं, आणि निवेदक मध्येच बोलला की त्याला शिव्या घालायच्या. अशाच एका कॅसेटवर, माझ्या धाकट्या बहिणीच्या, आमच्या सरांची साडेचार सेकंदं मला सापडली. 'कवठेएकंदहून' एवढं स्वच्छ ऐकू येतं, पुढे खट्.

तेव्हा नातेवाइकांकडे, जुन्या कॅसेट-दुकानदारांकडे, गावातल्या बँडवाल्याकडेही विचारा. दुकानातून विकत आणलेल्या कॅसेटी बाजूला ठेवा. पेनानं गाण्यांची नावं लिहिलेल्या आधी घ्या. कॅसेट हातात आली की पहिल्यांदा वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकूनसुद्धा तिच्यावर नवं रेकॉर्डिंग होणार नाही. आतल्या टेपवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट लावूच नका, जाणकाराकडे द्या. धड असेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, मगच वाजवा. प्लेअरच्या इयरफोनच्या भोकातून वायर टाकून लॅपटॉपवर घेता येतं. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

आणि प्रत्येक बाजूची शेवटची दोन-तीन मिनिटं सोडू नका. गाणं संपलं तरी पोरं बटण बंद करायला विसरायची.