वडिलांवरच्या गाण्याविषयी

नागपूर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेल्या गाण्यांपैकी वडिलांवरचे गाणे मनात राहिले, म्हणून त्याविषयीच लिहितो. मे महिन्यातल्या रात्री बापलेकांचे कडाक्याचे भांडण होते, दारे आपटली जातात, आणि मध्यरात्री तेच वडील चकार शब्द न काढता तुझ्या खोलीतल्या कूलरमध्ये बादलीने पाणी ओततात, हा अंतरा गाण्याचा जीव आहे. त्यापुढचा, बापाची माया समजावून सांगणारा अंतरा काढून टाक. नागपूरच्या श्रोत्याला बादलीतच सगळे कळते.

चालही बदल. तू लय इतकी संथ ठेवली आहेस की श्रोता पहिल्याच ओळीला रडायच्या तयारीने बसतो. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, तीही अर्धे लक्ष खिरापतीकडे ठेवून. पण अटीवर अट घालणाऱ्या सासूवर हसता हसता ऐकणाऱ्याला सुनेचे थकणे जाणवू लागते.

मात्र त्या गाण्यांतली सासू कुणा एकीची नसते. तू स्वतःच्या नावाने गातोस, तेव्हा गाण्यातला बाप कोण हे सगळ्यांना ठाऊक असते. लाउडन वेनराइट तिसरा (जन्म १९४६) या अमेरिकी लोकगायकाने आपला मोडलेला संसार, वडिलांशी असलेली तेढ, लेकीवर उठलेला हात, हे सारे गाण्यांत आणले. त्यात हसू पुष्कळ आहे, पण बहुतेक वेळा फजिती त्याची स्वतःचीच असते. त्याची मुले रूफस आणि मार्था पुढे स्वतः गायक झाली आणि त्यांनी बापाला जिव्हारी लागतील अशी उत्तरे गाण्यांतूनच दिली. तुझे वडील गाणी लिहीत नाहीत.

तुझ्या गाण्यात तू एकदाही हास्यास्पद ठरत नाहीस, हे मला सर्वांत अधिक खटकले. भांडण कशावरून पेटले? वडील बादली घेऊन आले तेव्हा तू काय करत होतास? झोपेचे सोंग घेऊन, एक डोळा किलकिला करून पडला असशील, तर तेच लिही.

आणि कार्यक्रमापूर्वी हे गाणे त्यांना घरीच ऐकव. एखादी ओळ गाळायला त्यांनी सांगितले, तर काय करायचे ते दोघे मिळून ठरवा. परंतु ती ओळ त्यांच्या कानी प्रथम सभागृहात, ओळखीच्यांच्या माना त्यांच्याकडे वळलेल्या असताना पडू नये.

नवी चाल जमली की ये. कळावे, लोभ आहेच.

तुझा,
काका