कॉम्प्युटरला राखणदार किती?

प्रश्न : माझ्याकडे सात-आठ वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आहे, विंडोज १०. त्यावर बँक, ईमेल, मराठी टायपिंग आणि देवस्थानचे हिशेब एवढंच चालतं. मे महिन्यात नातू येतो तेव्हा तो गेम टाकतो. हल्ली कोपऱ्यात लाल चौकट उघडते : 'तुमचे संरक्षण संपले आहे, ५ व्हायरस सापडले.' दुकानदार म्हणतो, तीन वर्षांचं 'टोटल सिक्युरिटी' घ्या. मुलगा दुबईहून सांगतो, एक पैसा घालवू नका, विंडोजचंच पुरे. शेजाऱ्याने दरम्यान एक मोफतचं अँटीव्हायरस टाकून दिलं. आता मशीन सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. यातलं नेमकं काय ठेवू?
(निवृत्त शिक्षक, माशेल)

उत्तर : मास्तर, दुकानदार आणि मुलगा यांचा तंटा नंतर सोडवू. आधी ती लाल चौकट.

पुन्हा उघडली की तिला हात लावू नका, बंद करायची फुलीसुद्धा दाबू नका. चष्मा लावा आणि बारीक अक्षरं वाचा. मोठ्या अक्षरांत एखाद्या नावाजलेल्या अँटीव्हायरसचं नाव असेल, त्याचं चिन्हही असेल. पण त्याच चौकटीत बारीक अक्षरांत 'गूगल क्रोम' लिहिलेलं दिसेल आणि जवळच कुठल्या तरी वेबसाइटचा पत्ता, ज्याचा उच्चारही करता येणार नाही. म्हणजे तुमच्या मशीनने व्हायरस पकडलेला नाही. एक वेबसाइट तुम्हाला जाहिरात पाठवते आहे आणि तिला तशी परवानगी तुम्हीच दिलेली आहे. कधी तरी एखादं पान उघडताना 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असं आलं असणार. आपण सरळमार्गी माणसं, दाबतो.

काढायला दोन मिनिटं लागतात. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटांची यादी आहे. ओळखीची नसेल ती प्रत्येक काढून टाका. फोंड्याला माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेल्या चवथीच्या आधी एक बाई लॅपटॉप घेऊन आल्या, त्यांच्या यादीत चौदा साइटी होत्या. त्यातली एक आरत्यांची पीडीएफ देणारी. लाल चौकटीला घाबरून त्यांनी कार्डाने दोनदा पैसे भरले होते, आणि चौकट तरीही येतच होती. येणारच! गिऱ्हाईक पैसे देतं हे एकदा कळल्यावर कोण सोडतो?

आता दहा मिनिटांचं. स्टार्टवर क्लिक करून 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा. खिडकी उघडली की डाव्या बाजूला खाली सेटिंग्ज आणि त्यात 'मॅनेज प्रोव्हायडर्स'. मशीनवर कोणकोण पहारेकरी आहेत ते तिथे दिसतं. मी न बघता सांगते, तीन निघतील : कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यात फुकट आलेलं आणि केव्हाच मुदत संपलेलं एक, शेजाऱ्याने टाकलेलं दुसरं, आणि या दोघांमुळे गप्प बसलेलं विंडोजचं स्वतःचं डिफेंडर. बाहेरचं अँटीव्हायरस आलं की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, तशीच त्याची रचना आहे. बाहेरची दोन मात्र बाजूला होत नाहीत. तुम्ही हिशेबाची फाइल उघडलीत की एक ती तपासायला धरतं, त्याने धरली म्हणून दुसऱ्याला संशय येतो, आणि तुम्ही फिरतं चक्र बघत बसता. आपल्याकडे गोव्यात वाड्याची, म्हणजे वस्तीची, राखण करणारा देव, राखणदार, एकच असतो, त्यालाच रोट आणि त्यालाच विडी. दोन ठेवले असते तर रात्रभर एकमेकांच्याच काठ्या मोजत बसले असते.

तेव्हा मुदत संपलेलं आधी काढा. कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट. मग शेजाऱ्याचं, आणि पुन्हा रीस्टार्ट. दोन्ही एकदम काढू नका. एखादं चिवट असतं, निघता निघत नाही. त्यासाठी त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर काढण्याचं वेगळं साधन असतं, तेच घ्या, दुसरीकडचं नको. शेवटी घड्याळाजवळच्या पांढऱ्या ढालीवर हिरवी खूण आली की डिफेंडर जागेवर बसला. मग एकदा 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि साधारण पंधरा मिनिटं निळ्या पडद्यावर काम करेल. हात लावू नका, चहा घेऊन या.

म्हणजे मुलाचं खरं? निम्मं.

दुकानदार लबाडच असेल असं मी म्हणणार नाही, कारण दहा वर्षं मीही तेच सांगत होते. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीच्या काळात विंडोजमध्ये अँटीव्हायरस नावाची गोष्टच नव्हती. पेन ड्राइव्ह लावला की मशीन आजारी. पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील तेव्हा घरोघर होतं, आणि ज्या घरात नव्हतं तिथलं मशीन महिन्याभरात माझ्या टेबलावर यायचं. २००९ साली मायक्रोसॉफ्टने आपलं अँटीव्हायरस वेगळं उतरवून घ्यायला फुकट ठेवलं आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ते आतच बसवलं. सुरुवातीला बेताचंच होतं, आता चांगलं आहे. सल्ला मात्र दुकानांतून एक्सपीच्या काळातलाच दिला जातो. अँटीव्हायरसच्या एका डब्यामागे मला दीडशे रुपये सुटायचे, हेही सांगून टाकते. त्या दीडशे रुपयांनी माझं मत थोडं घट्ट होत असे.

पैसे देऊन घेण्यात अर्थ कधी? अडलं तर फोन उचलणारं माणूस हवं असेल, मुलांच्या वापरावर वेळेचं कुलूप घालायचं असेल, किंवा चार-पाच मशीनचं ऑफिस असेल तर. घेतलंच तर साधी 'अँटीव्हायरस' आवृत्ती पाहा. 'टोटल'मध्ये जे जास्तीचं असतं, म्हणजे कचरा साफ करणारं, वेग वाढवणारं वगैरे, ते तुमच्या मशीनचा वेग कमीच करेल. आणि कार्ड देताना 'ऑटो रिन्यूअल'ची टिक काढा. पहिल्या वर्षीची किंमत आणि दुसऱ्या वर्षी कापली जाणारी किंमत यांचा बहुतेक संबंध नसतो.

मुलाचं निम्मं चुकतं ते विंडोज १० मुळे. त्याला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलेलं आहे, पण राखणदार जागा असला तरी भोकं बुजवणाऱ्या अपडेटअभावी विंडोजचा दगडी गडगाच ढासळला तर तो किती ठिकाणी उभा राहील? मे २०१७ मधलं वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आठवत असेल. विंडोजच्या ज्या भोकातून ते जगभर शिरलं ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो घेतला त्यांच्या मशीनमध्ये ते त्या वाटेने शिरलं नाही. ज्यांनी 'नंतर करू' म्हणून पुढे ढकलला, ते सापडले.

तुमचं मशीन विंडोज ११ ला बहुधा चढणार नाही. त्याला टीपीएम २.० नावाची मशीनमधली सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या अपडेटना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत मायक्रोसॉफ्टने दिली. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथे 'एनरोल' दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरून सेटिंग्जची नक्कल त्यांच्याकडे ठेवायला होकार दिला की पैसे पडत नाहीत, नाहीतर तीस डॉलर. तेवढ्या वेळात नव्या मशीनसाठी पैसे बाजूला काढा. टोटल सिक्युरिटीचे वाचतील, ते त्यातच टाका. सगळे नको, थोडे मला हवेत. माझ्यासाठी नव्हे, दोन पेन ड्राइव्हसाठी.

ते कशाला, हे सांगताना मला माझीच फजिती सांगावी लागेल. २०१६ च्या मार्चमध्ये, वर्षअखेरीच्या धांदलीत, एका ईमेलला 'इन्व्हॉइस' म्हणून वर्डची फाइल जोडून आली. मी उघडली, 'मॅक्रो (फाइलच्या आत दडलेला छोटा प्रोग्राम) सुरू करा' म्हणाली, केले. दुकानात दिवसाला दहा जणांना 'असं करू नका' सांगणारी मी! पाऊण तासाने बघते तर प्रत्येक फाइलचं नाव म्हणजे आकड्यांची नि अक्षरांची लांबच लांब माळ आणि शेपटीला 'लॉकी'. म्हणजे सगळ्या फाइली कुलूपबंद, आणि कुलूप काढायला अर्ध्या बिटकॉइनची, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनाची, मागणी. पैसे देऊन घेतलेलं, त्याच सकाळी अपडेट झालेलं अँटीव्हायरस हिरवी खूण दाखवत बसलं होतं. बॅकअप होता हो, बाहेरच्या हार्ड डिस्कवर. पण ती रविवारपासून मशीनलाच जोडलेली, म्हणून तीही गेली. बिलं पुन्हा जमवली. आईच्या हातची धालो-फुगडीच्या गाण्यांची वही स्कॅन करून ठेवली होती, बासष्ट पानं. म्हटलं, वही आहे, पुन्हा करू. पेटीतून काढली तर एकोणीस पानं वाळवीने खाल्लेली.

म्हणून मास्तर, दोन पेन ड्राइव्ह, मार्करने १ आणि २ लिहून. देवस्थानचे हिशेब आणि तुमचं लिखाण, एका शनिवारी एकावर, पुढच्या शनिवारी दुसऱ्यावर. नक्कल झाली की लगेच काढायचा आणि समई ठेवता त्या कपाटात टाकायचा. मशीनला जोडून ठेवलेला बॅकअप मी बॅकअप म्हणून धरत नाही.

नातवासाठी वेगळं खातं उघडा, 'स्टँडर्ड' प्रकारचं. मग त्याला गेम टाकायचा असला की मशीन बहुतेक वेळा तुमचा पासवर्ड मागेल. 'क्रॅक' केलेला, म्हणजे पैसे न भरता चालावा म्हणून फोडलेला, गेम आणला तर देऊ नका, रडला तरी. त्या क्रॅकमध्ये काय असतं हे मी पोटापाण्यासाठी बघते. विंडोज सिक्युरिटीत 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन', म्हणजे अशा खंडणीखोर व्हायरसांपासून संरक्षण, या सदरात 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' म्हणून एक बंद असलेलं बटण आहे. सुरू केलंत तर हिशेबांचे फोल्डर कुलपात जातात, पण कधी कधी मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर त्यात फाइल सेव्ह करायला गेलं की अडतं. मी माझ्याकडे ठेवलेलं आहे. तुम्ही ठेवलंत आणि अडलं, तर आधी तेच बटण तपासा.

प्रश्न : दाखल्याच्या प्रिंटसाठी पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेला. घरी आणला तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. प्रोजेक्टही त्यातच आहे. गेलं का सगळं?
(कॉलेज विद्यार्थिनी, साखळी)

उत्तर : गेलं नाही बाय. बहुतेक वेळा मूळ फोल्डर लपवलेले असतात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट मांडलेले असतात. त्यातल्या एकावरही डबल क्लिक करू नकोस. तसं केलंस की तो व्हायरस तुझ्या मशीनवर चालू होतो आणि पुढचा प्रत्येक पेन ड्राइव्ह बाटवतो. आधी पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन कर. मग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' सुरू कर. तेवढ्याने दिसले नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समधली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स' ही टिक काढ. फिकट रंगात खरे फोल्डर दिसतील, कधी कधी नाव नसलेल्या एकाच फोल्डरमध्ये सगळे कोंबलेले. तुझे कागद तेवढे मशीनवर उचलून घे, मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट मार, म्हणजे पूर्ण पुसून टाक. काम झालं की ती टिक परत लाव, नाहीतर साफसफाईच्या भरात विंडोजचीच फाइल उडवशील.

पुढच्या वेळी प्रिंट हवी असली तर पीडीएफ दुकानाच्या ईमेलवर पाठव. त्या मशीनवर दिवसाला पन्नास पेन ड्राइव्ह चढतात-उतरतात. मालकाला त्यासाठी दोष देऊन काय करायचं, गर्दीत त्याला मान वर करायलाही सवड नसते.

प्रश्न : नेट बँकिंगसाठी व्हीपीएन (इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणारी सोय) आणि 'सेफ बँकिंग'वालं महागडं पॅकेज घ्यावं का?
(वाचक, पेडणे)

उत्तर : घरच्या वायफायवर व्हीपीएन नको. बँकेची साइट आणि तुमचं मशीन यांच्यातलं बोलणं आधीच कुलूपबंद असतं. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा, मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका, वायफायच्या राउटरला कंपनीने दिलेला पासवर्ड तेवढा बदला.

पैसे जातात ते बहुतेक फोनवरून. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार' असा मेसेज येतो, दिलेल्या नंबरावर फोन केला की गोड आवाजातला माणूस मशीन दुरून चालवायचं सॉफ्टवेअर टाकायला सांगतो. ते सॉफ्टवेअर अस्सल असतं, आमच्यासारखे दुरुस्तीवालेही वापरतात, म्हणून कुठलंच अँटीव्हायरस बहुधा भुंकत नाही. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, बँकेला नंतर. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात आणि अडवता येत नाहीत.

तुमच्याच तालुक्यातले एक काका या फेऱ्यात सापडले होते. पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला, बँकेचं पान उघडलं, आणि काकांना काय बंद करायचं ते सुचेना. त्यांनी भिंतीवरच्या राउटरची वायरच उपटली. पैसे वाचले. राउटरची पिन तेवढी वाकली, ती मी बदलून दिली.