रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली का? आणि आठवड्याचे ४८ तास आले कुठून?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली हे खरं का, ‘दिवसाला आठ तास, आठवड्याला सहा दिवस’ हे गणित कोणी मांडलं, आणि चार दिवसांचा आठवडा येणार म्हणतात त्याचं काय. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आपणहून कोणी काही दिलं नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा घेऊन, सह्या गोळा करून, सहा वर्षं मागे लागून रविवार मिळवला. त्या कामगारांत आपली कोकणची माणसं भरपूर होती.

मी सिंधुदुर्गात एका काजू कारखान्यात मस्टर सांभाळते. हजेरी, खाडा, ओव्हरटाइम, रजा आणि तांबड्या पेनाने लिहायचं ‘सा.सु.’, म्हणजे साप्ताहिक सुट्टी. वर्षानुवर्षं तेच रकाने भरताना हे आकडे आले कुठून याचं कुतूहल वाटायला लागलं आणि मी वाचत गेले. वकील नाही, इतिहासाची प्राध्यापकही नाही, तेव्हा त्या बेताने घ्या.

सात दिवसांचा आठवडा कामगारांसाठी कोणी केलेला नाही, तो ग्रहांचा हिशेब. आपल्याकडे वारासकट तारीख दिलेला जुन्यातला जुना शिलालेख मध्य प्रदेशात एरणला आहे, इ.स. ४८४ चा, वार गुरुवार. पण वार माहीत होते तरी काम थांबायचं ते तिथीला आणि सणाला. अमावास्येला नांगर धरायचा नाही, सुताराने हत्यार उचलायचं नाही, हे पाळणारे आमच्याकडे आजही आहेत. रविवारची विश्रांती कायद्यात आणली ती रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने, इ.स. ३२१ मध्ये. त्याच्या हुकुमात एक गंमत आहे. शहरातल्यांनी रविवारी काम बंद ठेवावं, शेतकऱ्याने मात्र खुशाल शेतात जावं, नाहीतर पेरणीचा चांगला दिवस हातचा जाईल. सतराशे वर्षं झाली, शेतकऱ्याची ती ‘सूट’ अजून चालू आहे.

आता मुंबई. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला कापडगिरणी काढायला घेतली आणि पुढच्या तीस वर्षांत गिरणगाव उभं राहिलं. इंग्रजांच्या कचेऱ्या आणि कोर्टं रविवारी बंद असायची. गिरण्या चालू. मालक बहुतेक आपलेच, पारशी आणि गुजराती. सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. रविवारी यंत्रं पुसायला बोलवायचे, त्यात अर्धा दिवस जायचा. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो फक्त मुलांपुरता: सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, बारापर्यंतच्यांना नऊ तासांच्या वर राबवायचं नाही, महिन्याला चार सुट्ट्या. मोठ्यांच्या तासांबद्दल एक अक्षर नाही. आणि असा कायदा व्हावा म्हणून विलायतेत जोर लावणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणी मालकही होते. मुंबईचं सूत स्वस्त पडतं हे त्यांना खुपत होतं. तेव्हा ‘इंग्रजांची दया’ वगैरे वाचलंत की थोडं जपूनच घ्या.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव इथे येतं. जन्म ठाण्याचा, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या कमिशनपुढे ठेवलं. मागण्या आज वाचल्या तर साध्या वाटतात: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. पगाराची मागणी नीट बघा. महिना भरल्यावर पंधरा दिवसांत पैसे द्या, यासाठीसुद्धा सही करावी लागत होती. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन बाया त्या सभेत उठून बोलल्या. ही दोन भाषणं मला त्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठी वाटतात. १८९० साली, दहा हजारांच्या सभेत! १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. वर्षभरात, १८९१ च्या कायद्यात, ती सगळ्या कारखान्यांसाठी आली, आणि बायकांना दिवसाला ११ तासांची मर्यादा मिळाली.

इथे बहुतेक लेख थांबतात आणि लोखंड्यांच्या फोटोला हार घालतात. पुढची गोष्ट कडू आहे. गड्यांच्या तासांना १८९१ मध्ये मर्यादा घातलीच नव्हती. तोवर मालकाला अडवणारा एकच होता, सूर्य. मग गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचीही अडचण संपली. १९०५ च्या सुमाराला मुंबईत दिवसाला चौदा-पंधरा तास काम चालायचं. रविवार मिळाला आणि बाकीचे सहा दिवस लांबले. त्यावर बोंब झाली, कमिशन बसलं, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांना पहिल्यांदा १२ तासांची हद्द घातली. त्याच सालच्या शिरगणतीत मुंबईच्या गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते, आणि तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण, देवगड, वेंगुर्लाही आलं. बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरायचं, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायची, खानावळीत जेवायचं आणि भोंग्यावर जगायचं. तुमच्या-माझ्या घरातले पणजोबा त्यात असतीलच.

विलायत-अमेरिकेचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे लिहिलेलं असतं. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास झोप ही मागणी रॉबर्ट ओवेनची, १८१७ ची. १८५६ मध्ये मेलबर्नच्या गवंड्यांनी काम बंद पाडून आठ तास मिळवले. १ मे हा कामगार दिन १८८६ च्या शिकागोच्या लढ्यावरून. शनिवारची गोष्ट मजेची आहे. इंग्लंडचे कारागीर रविवारी एवढी प्यायचे की सोमवारी कामावर यायचेच नाहीत, आणि त्या दांडीला त्यांनी ‘संत सोमवार’ असं नावही दिलं होतं. पुढे १८५० च्या कायद्याने कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद व्हायला लागल्या. शनिवारी अर्धा दिवस देतो, पण सोमवारी वेळेवर हजर व्हा, हा सौदा मालकांनाही परवडला. १९२६ मध्ये हेन्री फोर्डने कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा केला आणि कारण लपवलं नाही: माणसाला मोकळा वेळ मिळाला तरच तो मोटार विकत घेईल.

आपल्याकडे आकडा उतरत गेला तो पायरीपायरीने. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तिने जगासाठी आठवड्याचे ४८ तास ठरवले आणि हिंदुस्थानासाठी मुद्दाम ६० ठेवले. कामगारांच्या बाजूने त्या परिषदेला गेले होते ना. म. जोशी, आपल्या रायगडातल्या गोरेगावचे. १९२२ ला दिवसाचे ११ आणि आठवड्याचे ६० कायद्यात आले. १९३४ ला १० आणि ५४. १९४६ च्या दुरुस्तीने ९ आणि ४८. ती दुरुस्ती आली तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. व्हॉट्सॅपवर फिरतं की बाबासाहेबांनी एका फटक्यात १४ तासांचे ८ केले. तसं झालेलं नाही, आणि ५४ वरून ४८ वर आणणं ही काही लहान गोष्ट नव्हे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तेच ४८ कायम झाले. शिवाय ओव्हरटाइमला दुप्पट दर, आणि वर्षात २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा. ही रजा साठवून साठवून चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येत.

म्हणजे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या १९४८ च्या कायद्यात ‘आठ तास’ असं थेट लिहिलेलंच नव्हतं. दिवसाला ९ ची हद्द होती, आठवड्याला ४८ ची. सहाने भागलं की आठ येतात.

रविवारसुद्धा त्या कायद्यात तेवढा घट्ट नव्हता. सुट्टी आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, असं तो कायदा म्हणायचा. पण तीन दिवस अलीकडे किंवा पलीकडे ती हलवता यायची, निरीक्षकाला कळवून आणि कारखान्यात नोटीस लावून. अट एकच होती, एक पूर्ण सुट्टी मिळाल्याशिवाय सलग दहा दिवसांच्या वर काम नको. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते हे तुम्हाला माहीत असेल. आमच्या बायकांनीही हा विषय काढला होता. काजू सोलणाऱ्या एक काकू मला म्हणाल्या, “रविवारी सुटी घेवन करू काय? बाजार तर बुधवारी.” खरंच होतं. पण एका दिवसात मावेल असं हे काम नाही. बी आदल्या दिवशी वाफवायची, गार झाली की दुसऱ्या दिवशी फोडायची, मग गर बोर्म्यात, म्हणजे सुकवायच्या भट्टीत, सुकवायचा आणि नंतर सोलायचा. सुट्टी कुठल्याही वारी घ्या, तिच्या आदल्या दिवशी बॉयलर लवकर थांबवावा लागतो, नाहीतर माल अर्धवट पडून राहतो. मधल्या वारी सुट्टी घेतली तर पोरं शाळेत आणि आई घरी, आणि रविवारी उलटं. बायकांचं आपसातच जमेना, आणि रविवार राहिला.

रशियात १९२९ मध्ये सरकारने नेमकं हेच देशभर करून पाहिलं. यंत्रं कधी थांबू नयेत म्हणून चार दिवस काम आणि पाचवा दिवस सुट्टी, पण ज्याची त्याची वेगळी. नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या. यंत्रं बिघडायला लागली, माणसं वैतागली, थोडं इकडेतिकडे करून शेवटी १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवार परत आला.

महाराष्ट्रात सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, पावणेदहा ते सव्वासहा. त्यांना लाभो. पण मुंबईहून जमिनीच्या कामाला शुक्रवारची रात्रीची गाडी धरून येणारा माणूस शनिवारी सकाळी उतरतो तेव्हा तलाठी कार्यालयाला कुलूप, रविवारीही कुलूप, आणि सोमवारी त्याला मुंबईत हजेरी लावायची असते. फेरफाराच्या कामाला त्याला स्वतःचा खाडाच करावा लागतो.

आणि रापणीवर जाणारे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार? त्यांचा आठवडा उधाण आणि भांगावर, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीवर चालतो, आणि मोठ्या होड्यांची सुट्टी सरकार ठरवतं, १ जून ते ३१ जुलै, बिनपगारी. आंब्याच्या बागेतल्या गड्याला एप्रिल-मेमध्ये कुठला रविवार? कारखान्याच्या फाटकाबाहेर कॉन्स्टंटाइनचाच हुकूम लागू आहे. फाटकाच्या आतही सगळे येत नाहीत. वीज वापरणाऱ्या ठिकाणी २० पेक्षा कमी माणसं असली तर महाराष्ट्रात त्याला आता कारखाना धरत नाहीत. घराच्या पडवीत पोतं उघडून किलोवर काजू सोलणाऱ्या बायका तर कुठल्याच मस्टरवर नाहीत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची हद्द ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली, आठवड्याचे ४८ तसेच ठेवून. ४८ ला १२ ने भागलं की ४ येतात. चार दिवसांच्या आठवड्याची बातमी निघाली ती यातून. माझं मत विचाराल तर खुर्चीत बसून काम करणाऱ्याला हे चालून जाईल. सोलणीच्या टेबलावर आठव्या तासाला बोटं काळी पडलेली आणि मान आखडलेली असते. शेवटच्या तासात तुकडा जास्त निघतो हे वजनकाट्यावर दिसतं, आणि तुकड्याला भाव कमी. त्यात आणखी चार तास घातले तर मालकालाही ते परवडणार नाही. आमच्याकडे अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर नियमाप्रमाणे कामगाराची लेखी संमती लागेल. तुमच्याकडे असा कागद फिरला, तर सही करण्याआधी एवढं बघा: ओव्हरटाइमचे तास दुप्पट दराने धरलेत का, आणि सुट्टीचे तीन वार त्या कागदावर लिहिलेत का.