पहिल्यांदाच युद्धविरोधी कादंबरी शिकवताय? एवढं सांभाळा

एरिक मारिया रेमार्कची पहिल्या महायुद्धावरची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' निवडलीत, उत्तम केलंत.

पहिल्या तासाला महायुद्धाचा इतिहास सांगत बसू नका. बहुतेक नवे शिक्षक इथेच अडकतात, आणि पुस्तक उघडण्याआधीच मुलं कंटाळतात. फळ्यावर १९१४–१९१८ लिहा, सैनिक जर्मन आहेत एवढं सांगा आणि सुरुवातीची पानं मोठ्याने वाचा. सैनिक पोटभर जेवून खूश आहेत. का? स्वयंपाक १५० जणांचा होता, परतले ८०. हा हिशेब मुलांनाच करू द्या. त्या वेळी तुम्ही गप्प राहणं फार महत्त्वाचं आहे, कारण कादंबरी तिथेच त्यांची होते.

बाकी:

- 'युद्ध वाईट असतं' हे आधीच सांगून टाकू नका. त्याऐवजी विचारा, आपल्या विद्यार्थ्यांना सैन्यात भरती व्हायला लावणारे कादंबरीतले शिक्षक कांटोरेक दोषी आहेत का? वर्गात मतभेद होऊ द्या.
- अवघड शब्द पानाला चार-पाचच द्या.
- रक्तपाताचे प्रसंग आधी स्वतः वाचून ठेवा. कुणाच्या घरचं माणूस सैन्यात असेल, तर त्या मुलाला सगळ्यांसमोर बोलायला लावू नका.

प्रतीकं, निवेदनशैली वगैरे नंतर बघू. पहिले दोन अध्याय झाले की वर्गात काय झालं ते नक्की कळवा.