विचारा, सांगते : याकूत पुस्तकांतली चित्रं

प्रश्न : वडिलांच्या जुन्या सोव्हिएत पुस्तकांत सैबेरियातल्या याकूत लोकांच्या लोककथांचं एक रशियन पुस्तक निघालं. भाषा कळत नाही, पण त्यातल्या काळ्यापांढऱ्या चित्रांवरून नजर हटत नाही. एक डोळा, एक हात आणि एकच पाय असलेला राक्षस, समोर घोड्यावरचा वीर. ही चित्रं लाकडावर कोरलेली आहेत का? आणि त्या लोकांत पुस्तकचित्रांची कला वाढली कशी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या हातातली चित्रं बहुधा लाकडावरची नसून लिनोलियमवरची, म्हणजे लिनोकट असावीत. भिंगाखाली पाहा. लाकडाचे रेषे दिसणार नाहीत, कोरणीचा घाव मऊ आणि गोलसर दिसेल. मी स्वतः छापाचित्रं करते, म्हणून यातली मेहनत जाणवते. लिनोवर जेवढं कोराल तेवढं पांढरं राहतं, न कोरलेल्या भागाला शाई लागते. म्हणजे अंधारी रात्र हवी तर पृष्ठभागाला हातही लावायचा नाही, आणि बर्फाचं माळरान हवं तर इंच इंच खरवडून काढायचं. बर्फाच्या देशातल्या चित्रकारांनी हेच माध्यम आपलंसं केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. 1960 नंतर याकूत लिनोकट सोव्हिएत देशभर नावाजलं गेलं. अफनासी मुन्खालोव आणि वालेरियान वासिल्येव ही त्यातली मोठी नावं.

आता राक्षसाबद्दल. तो ‘अबासी’, याकूत महाकाव्य ‘ओलोन्खो’मधला. ओलोन्खो एकटा गायक गातो, आपल्या गोंधळ्यासारखाच रात्र जागवून, प्रत्येक पात्राला वेगळा सूर देऊन. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात वेगळा अबासी उभा राहत असणार. चित्रकाराला मात्र एकच काढायचा असतो. माझ्या मते याकूत पुस्तकचित्रांची खरी कसोटी हीच होती.

त्याची तयारी आधीपासून झाली होती. इव्हान पोपोव (1874–1945) हे पहिले व्यावसायिक याकूत चित्रकार. सेंट पीटर्सबर्गला शिकून परतले आणि आपल्या लोकांच्या वस्तू, चालीरीती टिपत राहिले. मिखाईल नोसोव (1887–1960) यांनी पोशाखांचा चित्ररूप अभ्यास केला. पुढच्या पिढीला वीराच्या अंगावर काय घालायचं, कुमिस (घोडीचं आंबवलेलं दूध) पिण्याचा लाकडी ‘चोरोन’ प्याला आणि घोडा बांधायचा ‘सेर्गे’ खांब कसा काढायचा, हे शोधत बसावं लागलं नाही. 1945 मध्ये याकूत प्रदेशाच्या राजधानीत, याकुत्स्कला, कलाशाळा निघाली आणि तिथेच हात तयार होऊ लागले.

लिपीचा भागही विसरू नका. याकूत भाषातज्ज्ञ सेम्यॉन नोव्गोरोदोव यांनी 1917 मध्ये नव्या लिपीतली याकूत अंकलिपी काढली. 1929 मध्ये लिपी बदलली, 1939 मध्ये पुन्हा बदलली. बापाने शिकलेली अक्षरं मुलाच्या पुस्तकात नाहीत, अशा काळात चित्र दोघांनाही वाचता येत होतं. (याच भाषेवर 1851 मध्ये मोठा ग्रंथ लिहिणारे ओटो ब्योटलिंक म्हणजे आपल्या संस्कृत अभ्यासकांना कोशामुळे ठाऊक असलेलेच ब्योटलिंक!)

एकच पुस्तक मिळवायचं असेल तर ‘न्युर्गुन बोतूर’ हे ओलोन्खो शोधा. याकूत लेखक प्लातोन ओयुन्स्की यांनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला छत्तीस हजारांहून जास्त ओळींत ही कथा लिहून काढली. पुढे अटक झाली आणि 1939 मध्ये त्यांचा तुरुंगातच अंत झाला. व्लादिमीर देर्झाविन यांचा रशियन अनुवाद 1975 मध्ये याकुत्स्कहून निघाला, त्याची चित्रं एल्लेय सिव्त्सेव, व्लादिमीर कारामझिन आणि इन्नोकेन्ती कोर्याकिन या तिघांची. एका महाकाव्याला तीन हात लागले, ते योग्यच झालं असं मी म्हणेन.

तुमच्या पुस्तकाचा चित्रकार कोण, हे बहुधा शेवटच्या पानावर सापडेल. सोव्हिएत पुस्तकांत संपादक, चित्रकार आणि प्रतींची संख्या तिथे बारीक टायपात छापत. ‘हुदोझ्निक’ या शब्दापुढचं नाव चित्रकाराचं. त्या पानाचा फोटो पाठवलात, तर नाव वाचून कळवते.