अमेरिकेतल्या मेडिकलच्या अर्जात कोणती अडचण लिहावी? आजोबांचा दुष्काळ चालेल का?

तुमचा प्रश्न असा: मुलगी न्यू जर्सीत प्री-मेड (मेडिकलच्या आधीची पदवी) करतेय, यंदा अर्ज भरणार, आयुष्यात 'मोठं दुःख' काही नाही. मग मराठवाड्यातल्या आजोबांनी सोसलेला बहात्तरचा दुष्काळ लिहिला तर वजन पडेल का? आणि लिहिलेलं तपासून कोणाकडून घ्यावं?

दुष्काळ लिहू नका. तो प्रत्यक्षात एकदा पडला, अर्जांत मात्र दरवर्षी पडतो. खडी फोडणारे आजोबा, सुकडीवर काढलेले दिवस, सगळं खरं असतं. पण १९७२ साली तुमची मुलगी कुठे होती? वाचणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो, आणि उत्तर मिळेपर्यंत रकाना संपलेला असतो.

ॲमकास, म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांचा सामायिक अर्ज, त्यातला हा अडचणींचा रकाना 'अदर इम्पॅक्टफुल एक्स्पिरियन्सेस' नावाचा आहे. जुना 'डिसॲडव्हान्टेज्ड'वाला प्रश्न काढून २०२४ च्या फेरीपासून तो आणला. जागा १,३२५ कॅरेक्टर, स्पेस धरून. इंग्रजीत साधारण दोनशे-सव्वादोनशे शब्द. अशा अडचणी आल्या का, याला सगळ्यांनी 'हो' म्हणावं अशी अपेक्षा नाही, हे प्रश्नातच लिहिलेलं आहे. ते वाक्य आपले लोक वाचतच नाहीत. नीटचा स्कोअर आणि सीईटी सेलची यादी एवढीच प्रवेशाची रीत ठाऊक असलेल्या आईबापांना रिकामा रकाना म्हणजे सोडून दिलेले मार्क वाटतात. हा प्रश्न सरळ ऑप्शनला टाकता येतो. ओढूनताणून आणलेलं दुःख रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट दिसतं.

तरी 'आमच्याकडे काहीच नाही' हे ऐकलं की मला शंका येते, कारण आपल्या घरांत खरी अडचण 'घरचंच काम' या नावाखाली दडलेली असते. तपासायला आलेला एक मसुदा सांगतो. त्यातही आजोबांचा दुष्काळच होता; मुलीच्या काकांनी पैसे मोजून सल्लागार नेमला होता आणि दोघांचंही ठाम मत होतं की गरिबी खपते. मी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची गुणपत्रिका, मागवली. सगळीकडे ए, आणि २०२२ च्या फॉल टर्ममध्ये (वर्षाअखेरच्या सत्रात) ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी प्लस. त्या टर्मला काय झालं? 'काही नाही, आईला डायलिसिसला न्यावं लागायचं.'

आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, खुर्ची सकाळी साडेपाचची. वडील दुसऱ्या राज्यात नोकरीला. मुलगी पावणेपाचला गाडी काढायची, आईला सोडून नऊच्या लेक्चरला जायची, मग परत आणायला. त्याशिवाय घरातलं खाणं तिने नव्याने बसवलं: बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकायचं, नारळपाणी आणि केळी बंद, आमटीची वाटीसुद्धा दिवसभराच्या पाण्याच्या हिशोबात धरायची. रोज सकाळी वजन, कारण दोन फेऱ्यांच्या मध्ये एक किलो वाढणं म्हणजे अंगात साधारण एक लिटर पाणी साठणं. हे सगळं करणाऱ्या मुलीला आपल्यावर काही अडचण आली होती असं वाटतच नव्हतं, आणि काका दुष्काळ शोधत होते.

तेव्हा विषय शोधायची रीत ही. ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवा आणि कुठली टर्म खाली गेली ते बघा. मग वर्षवार कागद करा: त्या वर्षी घरी कोण आजारी होतं, कोणाची नोकरी गेली, शाळा किती वेळा बदलली, कोणासाठी दुभाषा व्हावं लागलं, पगारातले किती पैसे घरी दिले. प्रत्येक नोंदीपुढे दोन गोष्टी लिहा: आठवड्याचे किती तास गेले, आणि त्यामुळे काय करता आलं नाही. दोन्ही खाने भरत नसतील तर ती नोंद खोडा.

लिहिताना पहिल्या तीनशे कॅरेक्टरमध्ये परिस्थिती संपवा: केव्हा, कोण, किती काळ. मधली सहाशे-सातशे तिने स्वतः काय केलं यासाठी. उरलेल्यात काय बिघडलं आणि कसं सावरलं. त्या मुलीच्या दुसऱ्या मसुद्यात आठशे कॅरेक्टर आईच्या मूत्रपिंडावर गेली होती, क्रिएटिनिनच्या आकड्यांसकट. अर्ज आईचा नव्हता. शेवट 'म्हणून मला डॉक्टर व्हायचंय' असा होता. तोही कापला, कारण त्यासाठी ५,३०० कॅरेक्टरचं पर्सनल स्टेटमेंट वेगळं आहे. सी प्लसचा उल्लेख एका वाक्यात, माफी न मागता, आणि लगेच पुढच्या टर्मचे मार्क.

आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय, अठराच्या आत केलेली नोकरी हे अर्जात इतरत्र विचारलेलं आहेच, ते इथे परत लिहून जागा घालवू नका. तास दोन ठिकाणी येत असतील तर जुळले पाहिजेत. ॲक्टिव्हिटीच्या नोंदीत आठवड्याला बारा आणि इथे वीस असं निघालं तर मुलाखतीत तेवढंच विचारतील. ॲक्टिव्हिटीच्या पंधरा नोंदी मिळतात, प्रत्येकी ७०० कॅरेक्टर. खूपदा अडचण तिथेच बसते आणि हा रकाना रिकामा राहतो. तेही ठीक. शिस्तभंगाचं काही असेल तर त्याचा प्रश्न वेगळा आहे, ते इथे गुंडाळू नका.

मजकूर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहून चिकटवा. ठळक, तिरकं काही टिकत नाही. अर्ज एकदा सर्टिफाय करून पाठवला की निबंध बदलता येत नाही, आणि तोच निबंध ॲमकासमधून निवडलेल्या प्रत्येक कॉलेजला जातो. पुढे सेकंडरी अर्जांत (प्रत्येक कॉलेज नंतर स्वतः मागवतं ते) बरीच कॉलेजं अडचणीबद्दल पुन्हा विचारतात, तेव्हा तोच प्रसंग तसाच चिकटवू नका; दुसरा प्रसंग नसेल तर त्याचाच दुसरा भाग घ्या. मेच्या अखेरीस अर्ज स्वीकारायला लागतात आणि बहुतेक कॉलेजं आले तसे वाचतात. या एका रकान्यासाठी ऑगस्ट उजाडू देऊ नका.

वंशभेदाचा अनुभव असेल तर लिहिता येतो. २९ जून २०२३ च्या निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वंश पाहून प्रवेश देणं बंद केलं, पण अर्जदाराने वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला ते लिहिलं तर ते विचारात घ्यायला मनाई नाही, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्यातच नोंदवलं. तिथेही प्रसंग मुलीचाच हवा.

तपासून कोणाकडून घ्यावं? एकदा अशा माणसाकडून ज्याला तुमच्या घरचं काहीच ठाऊक नाही. त्याने वाचून 'मग मुलीने काय केलं?' असं विचारलं तर मसुदा कच्चा. आणि निबंधात ज्याचं आजारपण आहे त्या माणसाला तो आधी वाचून दाखवा. त्या घरी इथेच अडलं होतं. घरचं चव्हाट्यावर कशाला, असं आत्यांचं म्हणणं. आईने मात्र वाचून एवढंच सांगितलं की वेळ साडेपाचची नव्हे, सव्वापाचची होती. तेवढं दुरुस्त केलं.

आता पथ्यं. लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर मुलाखतीत प्रश्न येऊ शकतो. ज्या गोष्टीबद्दल अनोळखी माणसासमोर दोन मिनिटं शांतपणे बोलता येत नाही, ती यंदा लिहू नये, कितीही खरी असली तरी. मानसिक आजाराबद्दल तर उपचार होऊन स्थिर काळ गेला असेल तरच. टेक्सासमधल्या कॉलेजांच्या वेगळ्या सामायिक अर्जाचे (टीएमडीएसएएस) प्रश्न आणि मर्यादा निराळ्या आहेत, हे १,३२५ चं गणित तिथे लावू नका. इंग्लंडला अर्ज करणार असाल तर अशी कौटुंबिक अडचण साधारणपणे शिक्षकाच्या रेफरन्समध्ये जाते, त्यामुळे शाळेशी आधी बोला.

त्या काकांना अजून वाटतं की दुष्काळ टाकला असता तर आणखी दोन मुलाखती आल्या असत्या. आजोबांचं लिहायची एवढी हौस असेल तर त्यांनी स्वतः लिहावं. त्यांना कॅरेक्टरची मर्यादाही नाही.