पहिला खर्डा कसा लिहिता आणि नंतर तो सुधारता कसा?

पहिलाच परिच्छेद खोडण्यात रात्र जाते, असं तुम्ही लिहिलंय. मी नागपूरला मराठीत एम.ए. करतोय आणि मागच्या वर्षीपर्यंत माझीही हीच गत होती.

तेव्हा मारबतीवर लेख लिहून द्यायचा होता. (बाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात, म्हणजे महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत ज्याचा राग असेल त्याचे पुतळे.) मी सुरुवात केली, 'महाराष्ट्र ही सणांची भूमी आहे. नागपूर नगरीत मारबत उत्सव मोठ्या उत्साहात साजरा करण्यात येतो.' पुढे तीन रात्री 'मोठ्या उत्साहात' ठेवू की 'हर्षोल्हासात', यावरच अडलो. माझा रूममेट काटोलचा. शेवटी तो वैतागला, "काहून एवढा विचार करून राह्यला बे? तू काय पाह्यलं तिथं, ते सांग ना."

सांगितलं. इतवारीच्या गर्दीत माझी एक चप्पल गेली, ती उचलायला वाकलो नाही, वाकलो असतो तर उठलो नसतो. शेजारी एक आजी नातवाला कडेवर घेऊन ओरडत होती, "खोकला घेऊन जा गे मारबत!" आणि पोरगं खरंच खोकत होतं. पठ्ठ्यानं हे सगळं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. तोच माझा पहिला खर्डा झाला.

तेव्हापासून मी आधी बोलतो, मग ते जसंच्या तसं उतरवून काढतो, वऱ्हाडीसकट, चुकांसकट. त्या दिवशी एक अक्षरही सुधारत नाही. रात्रभर पडू देतो आणि सकाळी झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढतो, कारण फोनच्या स्क्रीनवर मला माझं सगळंच बरोबर वाटतं.

कागदावर आधी लेख खरा कुठे सुरू होतो ते शोधतो. माझा बहुतेक वेळा तिसऱ्या परिच्छेदात होतो. त्याच्या वरचं सगळं घसा साफ करणं असतं. मारबतीचा लेख चप्पलेपासून सुरू झाला, १८८१ वगैरे चौथ्या परिच्छेदात गेलं, आणि सणांची भूमी कचऱ्यात.

मग 'करण्यात येते' दिसलं की त्याखाली रेघ मारतो आणि विचारतो, कोण करतं? मी लिहिलं होतं, 'नंतर मारबतीचे दहन करण्यात येते.' कोण करतं, कुठे, त्या वेळी लोक काय करत असतात? मला काहीच सांगता येईना, कारण मिरवणूक अर्धी पाहून मी तर्री-पोहे खायला निघून गेलो होतो. वाक्य गुळगुळीत होतं ते माहिती नव्हती म्हणून. मग सरळ लिहून टाकलं की दहन मी पाहिलेलं नाही. आता असं वाक्य सापडलं की शब्द बदलत बसत नाही, कुणाला तरी फोन करतो.

त्यानंतर मोठ्यानं वाचतो. मे महिन्यात खोलीत जमत नाही, कूलरच्या घरघरीत स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून गच्चीवर. क्रियापद येईपर्यंत दम संपला की वाक्य तोडतो. वऱ्हाडी कुठे ठेवायची हेही तिथंच ठरतं: माझं 'शोधाले' 'शोधायला' झालं, आजीचं आजीसारखंच राहिलं.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. साहित्य महामंडळाचे नियम मोजून १८ आहेत, त्यांची भीती बाळगू नका; पण जो परिच्छेद उद्या फाडायचा आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज तपासून काय करणार?

लेख परत आला तेव्हा सरांनी 'चप्पल'खाली लाल रेघ मारून प्रश्नचिन्ह केलं होतं. फेअर करताना मी चप्पल काढली नाही.